कौलाची कुळकथा

कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला नाटकांचा. मला शब्दांची कुळं उकरून काढायचा नाद आहे. नाद तसा स्वस्त. यात पैसे बुडत नाहीत, पोलिसांची धाड पडत नाही, आणि घरात बोलणी खावी लागतात ती एवढ्याचसाठी, की ताटावर बसल्यावर मी ‘भाकरी’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगत राहतो आणि समोरची भाकरी निवून जाते. शिवाय कुळात काहीही निघालं तरी शब्द अब्रूनुकसानीचा दावा लावत नाहीत. माणसांच्या कुळात हात घालून बघा म्हणजे फरक कळेल.

हा नाद मला लागला धुळ्यात. ते त्या गावच्या पाण्यातच असावं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी उभा जन्म महाराष्ट्रातली गावं पालथी घातली, माळ्यामाळ्यावरची दप्तरं उपसली, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला तो धुळ्यात. लगोलग १९२७ साली तिथे त्यांच्या नावाची संशोधनसंस्था उभी राहिली. शब्दांच्या बाबतीत राजवाड्यांनी कुणाचीही भीड ठेवली नव्हती. क्रियापदांचे धातू, माणसांची आडनावं, गावांची नावं, जे हाती लागेल त्याचं मूळ त्यांनी खणून पाहिलं. अशा गावात १९७४ साली एका शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून मी जाऊन पडलो.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकणातल्या माणसाला नव्या गावात गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? त्याला घराची छपरं दिसतात. मला ती दिसली नाहीत. बसमधून उतरून पाहतो तो सगळी घरं वरून सपाट. चिऱ्याच्या भिंती आणि उतरती कौलं हे आमचं घराचं चित्र. इथे भिंत वर जाते आणि एकदम थांबते, जणू गवंडी जेवायला गेला तो परत आलाच नाही. खानदेशातली ही धाब्याची घरं. खाली लाकडी तुळया, त्यांवर पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गार, आणि रात्री वर झोपायला अंगणाएवढी जागा. आमच्या घरमालकांना मी एकदा विचारलं, “नाना, तुम्ही कौलं का घालत नाही?” ते म्हणाले, “मास्तर, तुमच्याकडं पाऊस पडतो, आमच्याकडं तो येऊन जातो.” यापुढे मी कौलांचा विषय काढला नाही. पण तो विषयच एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच्या आजोबांना घेऊन आला होता. मुलगा धुळ्यात खोली घेऊन शिकत होता. आजोबा जळगाव जिल्ह्यातले, एरंडोल तालुक्यातल्या गिरणेकाठच्या गावचे. पांढरी टोपी, धोतर, कोपरी आणि कोपरीच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणालो. माझ्याशी बोलताना ते आपली अहिराणी आवरून शुद्ध बोलायला बघत, आणि भान सुटलं की ती आपोआप बाहेर येई. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मग आबांनी मेणकापड सोडलं.

“मास्तर, हाई काय शे ते सांगा.”

आत फुलस्केप कागद होता. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, वर झोकदार इंग्रजी अक्षर. आबांच्या आजोबांच्या वेळी कुठल्याशा कज्ज्यात मूळ मोडी कागद कचेरीत गेला होता. तो तिथेच राहिला आणि घरी आली ती ही इंग्रजी नक्कल. त्यात १८२१ साल होतं, गावाचं नाव होतं, आबांच्या खापरपणज्याचं नाव साहेबी हिज्जे घालून का होईना पण होतं, आणि त्याला गावची पडीक जमीन सात वर्षांसाठी दिली असं काहीतरी होतं. कशी दिली? तिथेच घोटाळा होता. सी, ओ, डब्ल्यू, एल अशी चार अक्षरं स्पष्ट होती आणि पुढे भोक. वाळवीने नेमकं तिथे तोंड घातलं होतं.

आबा माझ्याकडे येण्याआधी हा कागद तिघांनी वाचला होता, आणि तिघांनीही आबांच्या घराण्याची यथास्थित वाट लावली होती.

पहिला मान गावातल्याच एका निवृत्त कारकुनाचा. त्यांनी शब्द मोठ्याने वाचला, ‘कौल’, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, “सोपं आहे. सरकारने तुमच्या खापरपणज्याला कौलं दिली. सात वर्षांसाठी.” गावात एकाही घरावर कौल नाही. मग ती कौलं गेली कुठे? पारावर यावर चर्चा झाली आणि खापरपणजाने ती विकून खाल्ली असावीत असा निकाल लागला. दुसरे वाचक तालुक्याचे एक वकील. ते कानावर विसंबणारे नव्हते. त्यांनी कपाटातून इंग्रजी कोश काढला, अर्थ पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, “आबा, तुमच्या घराण्यात कुणी पाद्री झालं होतं का हो?” कारण कोशात अर्थ होता ख्रिस्ती संन्याशाची डोक्यावरची टोपी. आबा माळकरी. त्या रात्री ते जेवले नाहीत. तिसरा वाचक म्हणजे नातवाचा कॉलेजातला दोस्त. त्याच्याकडे त्याहून जाड कोश. त्यात आणखी एक अर्थ निघाला: दोघांनी खांद्यावर काठी घेऊन मध्ये टांगून न्यायची पाण्याची कोठी. “म्हणजे तुमचा पूर्वज सरकारी पाणक्या होता,” असं सांगून तो मोकळा झाला.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पाद्री म्हटलं काय आणि पाणक्या म्हटलं काय, तो थोडाच ऐकतोय? पण प्रश्न पोळ्याचा होता. पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी पाटलाची जाते. तिच्यामागून कुणाची जायची यावर ज्या गावात भांडण होत नाही ते गाव मी अजून पाहिलेलं नाही. आबांच्या गावात दुसरा मान आबांच्या घराकडे आहे असं आबा म्हणत. आणि आदल्या पोळ्याला भरल्या वेशीत एकजण म्हणाला होता, “तुम्हाला कसला मान? तुम्ही तर उपरे.”

पाच पिढ्या त्याच मातीत राबून, त्याच मसणवट्यात माणसं पोचवून, ‘उपरे’! आबांना तो शब्द लागला. कोकणातून पोटासाठी उठून खानदेशात आलेल्या मला तो जरा कमी लागला, पण लागला. मी म्हणालो, “आबा, कागद आठ दिवस ठेवा माझ्याकडे. बघून सांगतो.”

कुळ बघायचं तर एकट्याचं बघून भागत नाही, सगळी भावकी बोलवावी लागते. आधी वकिलांचा अर्थ घेऊ. तो कोशात खराच आहे. ‘काउल’ हा इंग्रजी शब्द निघाला लॅटिनमधल्या ‘कुकुलुस’पासून. हे रोमन लोकांचं डोकं झाकायचं वस्त्र, झग्याला जोडलेलं. पुढे ख्रिस्ती मठातल्या संन्याशांनी ते उचललं, शब्द झिजत झिजत जुन्या इंग्रजीत आला आणि तिथे आणखी झिजून ‘काउल’ झाला. या वस्त्राला मराठीत शब्द नाही असं म्हणणाऱ्याने तान्ह्या मुलाची कुंची पाहिलेली नाही. पावसात शेतकरी घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो ते तरी दुसरं काय असतं? गरज तीच, रोममध्ये ती धर्माकडे गेली, आपल्याकडे शेतात आणि पाळण्यात राहिली. काही संन्याशांची ओळखच त्या टोपीवरून पडली. कॅपुचिन म्हणतात ते हे. त्यांच्या झग्याचा तपकिरी रंग एका कॉफीत दिसला म्हणून तिचं नाव कॅपुचिनो. हल्ली माझा नातू ती पितो तेव्हा मी त्याला हे सांगतो. तो कानात यंत्र घालून बसलेला असतो.

गंमत अशी, की इंग्रजांनी ही टोपी माणसाच्या डोक्यावरून काढून घराच्या डोक्यावर ठेवली. धुराड्याच्या तोंडावर वारा-पाऊस अडवायला जे टोपण बसवतात त्यालाही ते काउलच म्हणतात. म्हणजे साहेबाचं काउल छपरावर, आपलं कौलही छपरावर! आमचे कारकून उगाच फसले नाहीत. पण भावकी म्हणून दोघं जवळ बसले तरी रक्त एक नाही. आपलं कौल संस्कृतातल्या ‘कपाला’शी जोडतात. कपाल म्हणजे कवटी, तशीच खापरीही. भाजलेल्या मातीचा वाकडा तुकडा म्हणून ते कौल. मंगळुरी कौलं हा त्यातला अलीकडचा अवतार. ती भाजायचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला काढला. आबांचा कागद १८२१ चा.

आता पाणक्या. कोठी या अर्थाचं ‘काउल’ हे टोपीवाल्या काउलाचं कुणीच नाही, नुसतं नावसारखं. लॅटिनमध्ये ‘कूपा’ म्हणजे पिंप, लहानसं असलं की ‘कूपेला’; तिचं हे इंग्रजी रूप. ती न्यायच्या काठीचा उल्लेख शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’ नाटकात येतो. त्यात फॉलस्टाफ नावाच्या लठ्ठ गृहस्थांना मळक्या कपड्यांच्या करंडीत कोंबून, ती उचलायला नोकरांकडे ही काठी मागतात. या शब्दाचं पुढे नाटकापलीकडे फारसं काही झालं नाही. नळ आले आणि कोठी गेली, तिच्याबरोबर शब्द गेला.

ही झाली वाळवीने मागे ठेवलेल्या चार अक्षरांची भावकी. पण भोकात काय होतं? धुळ्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक मला ठाऊक होतं. नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. नावावरून ही विलायती भागीदारांची कापडपेढी वाटते, पण तो कोश आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली काढलेला, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात घुसलेल्या आपल्या शब्दांचा. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानात शिरून ‘हॉब्सन-जॉब्सन’ होऊन बाहेर पडला, तेच कोशाचं नाव. तर त्यात सी-ओ-डब्ल्यू-एल आणि शेवटी ई, असा एक शब्द व्यवस्थित बसलेला होता. अर्थ: लेखी भाडेपट्टा, अभयपत्र, कोणताही लेखी करार. मूळ: अरबी ‘कौल’.

एका ईने माणूस मठातून उठून शेतात आला.

हा कौल आपल्याकडे बहामनी-निजामशाही अमलापासून नांदतो आहे. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ नुसता ‘बोलणं’. जे बोललं ते कौल. तो कौल गाणारा तो कव्वाल आणि त्याचं गाणं ती कव्वाली. म्हणजे शेतीचा करार आणि उरुसातली टाळी एकाच घरची. शिवकालातले कागद उघडलेत तर पानोपानी कौल भेटतो. गाव धास्तावून पळालं तर परत या म्हणून अभयाचा कौल, पडीक रान उठवायचं तर कौलनामा. मद्रासकडे कंपनीच्या कागदांत सतराव्या शतकापासून हा शब्द इंग्रजी टोपी घालून वावरतो. आणि आमच्या कोकणात तर कौल देवळात शिरला. गुरव सोवळं नेसून देवाच्या अंगाला कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवा कळा पडला की म्हणतो, देवाने कौल दिला. सोवळ्यातल्या गुरवाच्या तोंडी, गाभाऱ्यात, हा अस्सल अरबी शब्द! देवाला त्यात काही वावगं वाटल्याचं ऐकिवात नाही. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रं जनतेचा कौल छापतात तो याच घरातला.

मराठी माणूस या दोन कौलांत कधी गोंधळत नाही याचं कारण फार साधं आहे. घरावरचं ‘ते’ कौल, वचनाचा ‘तो’ कौल. लिंगभेद हा व्याकरणाचा विषय मुलांना नकोसा वाटतो, पण इथे तो दिवाणी दावा सोडवतो. इंग्रजीला ही सोय नाही. निर्जीव वस्तूंना सरसकट नपुंसक करून ठेवल्यामुळे त्या भाषेला शेवटी ई लावून निभवावं लागलं, आणि साहेबांचे लेखनिक तेही नेमाने लावत नसत. कुणी ई लिही, कुणी गिळी. तेव्हा आबांच्या कागदात ई होता की नव्हता, यावर खटला लढवण्यात अर्थ नव्हता. मी पुढच्या ओळी लावल्या. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असं चढत चढत सात वर्षांनी पुरता. संन्याशाची टोपी अशी दरसाल चढत्या भावाने कुणी देत नाही. पाण्याची कोठीही नाही. याला जुन्या मराठी कारभारात इस्तावा म्हणत. पडीक जमीन तोडायची, बांध घालायचे, बैल उभे करायचे, तर पहिल्या दिवसापासून पुरता सारा कोण देणार? म्हणून सरकार शब्द देई: तू ये, नांगर धर, आम्ही दमाने घेऊ. हाच इस्ताव्याचा कौल.

आणि १८२१ साली खानदेशात असा कौल का निघावा, हे समजून घ्यायचं तर त्यामागची वीस वर्षं पाहावी लागतात. ती वाचून आजही अंगावर काटा येतो. १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखावरून गेल्या. त्यांनी ठेवलं ते १८०३-०४ च्या दुष्काळाने नेलं. उरलं ते पेंढाऱ्यांनी, पगार थकलेल्या अरब शिबंद्यांनी आणि डोंगरातल्या भिल्लांच्या धाडींनी. खानदेशाची जी काळी जमीन बघून परमुलखातल्या शेतकऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं, तिच्यात झुडपं माजली आणि झुडपांत वाघ राहायला आले. माणसं जीव घेऊन जिकडे वाट फुटेल तिकडे, कित्येक गुजरातेकडे, गेली. १८१८ साली पेशवाई संपली, मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी वेढ्यात इंग्रजांना घाम फोडला आणि अखेर हात टेकले, आणि एल्फिन्स्टनने हा सगळा रिकामा मुलूख कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याच्या हवाली केला.

या ब्रिग्जसाहेबाबद्दल मला थोडी आपुलकी आहे. एकतर तो आमच्या नादाचा माणूस. फार्सी उत्तम, फेरिश्त्याच्या इतिहासाचं त्याने केलेलं इंग्रजी भाषांतर १८२९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे कौल म्हणजे काय हे त्याला दुभाष्याकडून समजून घ्यायची गरज नव्हती. दुसरं, शेतसारा हा विषय त्याच्या डोक्यात असा बसला की १८३० मध्ये हिंदुस्थानातल्या जमीनमहसुलावर, तो भारी आहे असं सांगणारा एक ग्रंथच त्याने लिहिला. आणि तिसरं, धुळे. पांझरेकाठचं हे तेव्हा एक लहानसं गाव. १८१९ साली वस्ती सुमारे २५०० आणि घरं ४०० च्या आसपास. ते मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि मुलखाच्या मध्यावर म्हणून ब्रिग्जने मुख्य ठाणं तिथे केलं. नवी पेठ आखली. लांबून कारागीर आणले. व्यापाऱ्यांना घरासाठी जागा फुकट, वर बांधायला उचल. मी ज्या गल्ल्यांतून सायकलवरून शाळेत जात होतो, नावाऐवजी नंबर असलेल्या, पट्टीने आखाव्यात तशा सरळ, त्या गावाची वाढच मुळी आमंत्रणावर झालेली. उपरे शोधायचे म्हटलं तर त्या नव्या पेठेत कोणाला वगळायचं?

पण माझ्या समोरचा कागद इथेच खुलासा करून थांबत नव्हता. कौल द्यायला दोन लागतात, देणारा आणि विश्वास ठेवणारा. शेतकरी आला, कारण कौल त्याच्या ओळखीचा होता. हाच शब्द त्याच्या आज्याला पेशव्यांच्या कमाविसदाराने दिलेला होता. भिल्लांचं तसं नव्हतं. त्यांना कागदाची ओळख होती ती पकडवॉरंटासारखी. त्यांना माफीचे, तनख्याचे शब्द दिले गेले, फौजाही पाठवल्या गेल्या, आणि सात वर्षं दोन्ही फुकट गेली. मग १८२५ साली जेम्स आउट्रम नावाचा बाविशीतला लेफ्टनंट आला. त्याने कागद बाजूला ठेवले. एकटाच डोंगरात नाईकांकडे गेला, त्यांच्यात पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांना ब्रँडी पाजली, त्यांच्याबरोबर वाघ मारले, आणि एवढं सगळं करून सुरुवातीला मिळाले किती, तर पाचजण. त्या पाचांपासून धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. पुढे १८९१ मध्ये ती पोलिसांत विलीन झाली. धरणगाव आबांच्या गावाहून हाकेच्या अंतरावर. मला वाटतं, कौल या शब्दाचा मूळ अरबी अर्थ, तोंडचं बोलणं, इंग्रजांपैकी कुणाला कळला असेल तर तो फार्सी न शिकताच आउट्रमला कळला होता. सरकारचा हिशेब त्यामागे होताच, तो नव्हता असं म्हणण्याइतका मी भोळा नाही.

आणि शब्द विसरायलाही सरकारला वेळ लागत नाही. रान उठलं, पिकं उभी राहिली, आणि १८५२ साली मोजणीच्या साखळ्या घेऊन सर्व्हेचे लोक आले. आता सारा नव्याने बसणार, म्हणजे वाढणार, ही धास्ती घेऊन सावदा, फैजपूर, यावल आणि एरंडोल इथे शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणी चालू देईनात. शेवटी फौज आली, पुढारी धरले गेले, मोजणी झाली. त्या गर्दीत आबांच्या घरचं कुणी होतं का हे कागदात नाही. मी आबांना विचारलं तेव्हा ते नुसते हसले. “असीनच,” म्हणाले.

आठ दिवसांनी आबा आले ते सोबत वांग्यांची पिशवी घेऊन. भरताची वांगी, हिरवी, तळहाताहून मोठी. मी त्यांना सगळं सांगितलं. टोपी गेली, कोठी गेली, कौलं गेली. तुमच्या खापरपणज्याला सरकारने सात वर्षांचा कौल दिला होता. त्याला बोलावलं होतं. रान तोडायला, वाघाच्या तोंडात जायला, जिथे दुसरं कुणी यायला तयार नव्हतं तिथे. आबांचा चेहरा पहाटे दिवा मोठा करावा तसा होत गेला.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. वांगी तर आधीच मिळाली होती. पण शब्दांची कुळं उकरणाऱ्याला अर्धवट सांगणं जमत नाही. म्हणून पुढचंही सांगितलं. पेशवाईच्या महसुलात कुळांचे दोन प्रकार असत. वंशपरंपरेने जमीन धरणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. कौल दिला जाई तो बहुतेक उपऱ्यालाच. मिरासदाराला कशाला कौल? तो आहेच तिथे. तेव्हा वेशीत जो कुणी ‘उपरे’ म्हणाला, तो दप्तरी भाषेत खोटं बोलला नव्हता. फक्त त्याने तो शब्द शिवीसारखा वापरला, आणि दप्तरात तो नुसता रकाना होता.

आबा बराच वेळ गप्प राहिले. नातू माझ्याकडे असा बघत होता, की तिमाही परीक्षेत याचे इंग्रजीचे मार्क मी कापले असावेत.

“म्हणजे उपरा खराच,” आबा म्हणाले. “पण बलायेल उपरा.”

“बोलावलेला. सरकारी कागदाने. आणि आबा, पडीक रानाला कौल निघाला, याचा अर्थ तेव्हा त्या शेतांत कसणारं कुणीच उरलं नव्हतं. ज्याने तुम्हाला उपरे म्हटलं त्याचंही घराणं त्याच सुमाराला परतलेलं किंवा आलेलं असणार. त्यांच्याकडेही असा एखादा कागद असेल. शोधायला सांगा.”

आबांनी कागद उचलला, घड्यांवर घडी घातली, मेणकापडात गुंडाळून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवला. पारोळ्यावरून जाणाऱ्या एरंडोलच्या गाडीला अर्धा तास होता. मी म्हणालो, “या पोळ्याला वेशीत वाचून दाखवा. हवं तर मी मराठीत लिहून देतो, म्हणजे पुन्हा कुणी कौलं काढायला नको.”

“कोणाले दाखवू मास्तर?” आबा उठता उठता म्हणाले. “म्हननारा तं गेल्या मार्गशीर्षात गया.”

“मग त्याच्या मुलाला दाखवा.”

“त्याना पोऱ्या मुंबईले शे,” आबांनी टोपी नीट केली. “तठे तोबी उपराच.”